झिजलेला स्क्रूड्रायव्हर

गाड्या लाथ मारल्याशिवाय सुरू होत नसत, त्या काळातली ही गोष्ट. मिरजेत दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात एक जुनी मोटारसायकल आली. चढ लागला की तिचं इंजिन ठणठण वाजायचं.

हत्यारांच्या पेटीत लगेच कालवा सुरू झाला. "पिस्टन गेलाय," हातोडी ठासून म्हणाली.

"छे, बेअरिंग!" पाना म्हणाला. "इंजिन उघडा, मग कळेल."

मोटारसायकल घाबरली. "अहो, उघडू नका! माझे सुटे भाग आता कुठेच मिळत नाहीत. एकदा उघडलं की मी भंगारातच जाणार."

पेटीच्या तळाशी लांब दांड्याचा म्हातारा स्क्रूड्रायव्हर पडून होता. टोक इतकं झिजलेलं, की त्याच्याने एकही स्क्रू फिरत नसे. मिस्त्रींनी नेमका तोच उचलला. गाडी सुरू करून, चढावर पडतो तसा ताण देऊन त्याचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आधी खाली ऐकलं, मग वर.

"खाली सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "आवाज वरून येतोय. पेट्रोल पेटवणारी ठिणगी जरा घाईने पडतेय."

त्यांनी ठिणगीची वेळ केसभर पुढे ढकलली आणि गाडी चढावर फिरवून आणली. ठणठण पार थांबली होती.

हातोडीला राहवेना. "म्हातारबा, मिस्त्रींच्या कानात तुम्ही सांगितलंत तरी काय?"

"काहीच नाही," म्हातारा म्हणाला. "गाडी बोलत होती. मी मध्ये बोललो नाही."