ओल्या मातीवरचा तळहात

पूर्वी अश्मक देशात, गोदावरीच्या काठच्या पोतन नगरीत एक न्यायी राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका पानमळेवाल्याचा मधला मुलगा होऊन जन्माला आला. त्याचे नाव भद्रक. त्याचा बाप नागिल आणि आई नंदिला यांनी नगराबाहेर, नदीकडच्या उतारावर नागवेलीचा मळा उभा केला होता. मळ्याला दाट कुंपण होते, आत एक विहीर होती आणि शेवग्याच्या झाडांवर वेल चढवलेले होते. पानमळ्यात कोणी वहाणा घालून जात नसे. देवळात जावे तसे आत जावे, असे नंदिला म्हणे, आणि उभ्या जन्मात तिने हा नेम एकदाही मोडला नव्हता. तिच्या अंगठ्यात पाने खुडायचे लोखंडी नख असे. ते इतके झिजले होते की तिच्या स्वतःच्या नखासारखेच दिसे.

ज्वारी पाण्याची वाट पाहते, ऊस कुरकुरत का होईना पाहतो. नागवेल पाहत नाही. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाटाला पाणी सुटले नाही तर ती रुसते, आणि एकदा रुसली की कोणाच्या बापाचे ऐकत नाही.

थोरला भाऊ दंतिल नगरात विड्यांचे दुकान चालवी. धाकटा पूर्णक पैलतीरावर सासऱ्याच्या नावा वल्हवी. भद्रक तेवढा आईबापांबरोबर मळ्यात राहिला होता. फाल्गुनाच्या अखेरीस नागिल दोन दिवसांच्या तापाने वारला. दिवस घालून तिघे भाऊ घाटावरून परतले, तेव्हा मळ्याच्या फाटकावर मातीची राजमुद्रा लागलेली होती.

त्या राज्याची रीतच तशी होती. माणूस मेला की वाटणीचा अमात्य येऊन त्याच्या मिळकतीवर मुद्रा लावी, आणि वाटणी होईपर्यंत आत कोणी पाऊल टाकायचे नाही. दर पौर्णिमेला आणि अमावस्येला अमात्य फाटकासमोर नदीच्या ओल्या मातीची थापलेली पाटी मांडी. माती ओली आहे तोवर सगळ्या वारसांनी तीवर आपापला तळहात उमटवायचा. मग ती पाटी भट्टीत भाजत, आणि तोच निवाडा ठरे. एकाचाही हात कमी पडला आणि माती वाळली, तर ती नदीत टाकायची आणि पुढच्या पर्वाला पुन्हा यायचे. ही रीत घालून देणारा राजा शहाणा होता. त्याच्या काळी भाऊ भावावर कोयता उगारत. निदान माती ओली आहे तेवढा वेळ तरी ते एका जागी शांत उभे राहतील, असे त्याला वाटले होते. चांगल्या माणसाने चांगल्या हेतूने घातलेली रीत होती. पुढे तिच्यात काय काय शिरेल हे त्या बिचाऱ्याला कसे कळावे?

वाटणीचा अमात्य गोपक हा वयोवृद्ध आणि सरळ मनाचा होता. नंदिला त्याच्यासमोर पदर पसरून उभी राहिली.

"अमात्य, वाटणी होईल तेव्हा होऊ दे. मला तेवढं पाणी सोडायला आत जाऊ द्या. तीन दिवस झाले, पाट कोरडा आहे."

"तिन्ही मुलं हो म्हणाली तर आत्ता मुद्रा फोडतो, बाई," गोपक म्हणाला. मेलेल्याच्या बायकोचा तळहात त्या रीतीत धरला जात नसे. मळ्यातली झोपडी ज्याच्या वाट्याला येईल त्याने आईला सांभाळायचे, असा शिरस्ता होता.

दंतिल घुटमळला. "आई, तुझं खरं आहे गं. पण तुझ्याबरोबर भद्रक आत जाणार. आज त्यानं पाणी दिलं की उद्या म्हणेल, मळा मी जगवला, मळा माझा."

"मी असं म्हणणार नाही, दादा," भद्रक म्हणाला.

"आज नाही म्हणणार."

पूर्णकाने खांदे उडवले. "दादा हो म्हणाला तर माझंही हो."

"पूर्णकानं आधी म्हणावं," दंतिल म्हणाला.

त्या दिवशी दोघांपैकी कोणीच हो म्हटले नाही. नंदिला कुंपणाबाहेरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसली. भद्रकाने तिथे चार काटक्या रोवून आडोसा केला. झोपडीचा निवाडा व्हायचा असल्यामुळे आईला घरी नेण्याची पाळी आपली नाही, असे उरलेल्या दोघांचे मत पडले. मतभेदांच्या त्या दिवसांत एवढे एक एकमत झाले.

चैत्री पौर्णिमेला गोपकाने माती मांडली. भद्रक पुढे झाला आणि त्याने आपला तळहात मातीत रोवला. "दादा विहिरीकडचं घे, पूर्णका नदीकडचं घे, मला उरेल ते द्या," तो म्हणाला. पूर्णकाला विहिरीकडचे हवे होते. दंतिलही जागचा हलला नाही. कारण दोघांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. जो शेवटी हात उमटवील, त्याच्या हाताला सगळ्यात जास्त किंमत. तोवर बाकीचे अडकलेले असतात आणि तो मोकळा असतो. म्हणून दोघेही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. चैत्राचे ऊन मातीवर पडले. भद्रकाच्या तळहाताभोवती बारीक भेग गेली, मग दुसरी. माती पांढरी पडली तेव्हा गोपकाने ती उचलून नदीत टाकली.

पुढचा पंधरवडा भद्रक कुंपणातून आत पाहत राहिला. वरची पाने खाली मान घालू लागली होती. आई नुसती अंगठ्यातले नख फिरवीत बसे. ते पाहून भद्रकाचे काळीज तुटत होते. त्याने पुष्कळ विचार केला आणि चैत्री अमावस्येला तो गोपकासमोर उभा राहिला.

"अमात्य, माझा वाटा मी सोडला. एक काडी मला नको. या दोघांनी वाटून घ्यावं आणि आजच फाटक उघडावं."

जमलेल्या लोकांनी धन्य धन्य म्हटले. दंतिलाने त्याला मिठी मारली, पूर्णकाचे डोळे पाणावले. ते खोटे नव्हते. दोघेही त्या घटकेला मनापासून हेलावले होते. मग दंतिल म्हणाला, "आता भद्रकाचा वाटा थोरला म्हणून माझ्याकडे येतो." पूर्णक म्हणाला, "अर्धा." आणि मधल्या त्या वाट्यात पाट येत होता. आधी दोघांचे भांडण विहिरीवरून होते, आता विहिरीवरून आणि पाटावरूनही झाले.

भद्रक कळवळून पुढे सरकला. "दादा, निदान पाणी..."

गोपकाने हलकेच त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवले. "बाळा, आता तू वारस नाहीस. तुला इथे बोलता येत नाही. त्या रेघेच्या मागे, बाकीच्या लोकांत उभा राहा."

तेव्हा बोधिसत्त्वाला आपण काय केले ते कळले. आईच्या बाजूने बोलणारा त्या मातीपाशी एकच हात होता, आणि तो त्याने स्वतःच काढून घेतला होता. तो रेघेच्या मागे गेला. त्याच्यासमोर दुसरी माती वाळली. तिच्यावर एकही ठसा नव्हता.

वैशाखात वारा भट्टीसारखा वाहू लागला. एका वेलाचा शेंडा कधीतरी कुंपणातून बाहेर आला होता. तो तेवढा मुद्रेच्या बाहेर होता. नंदिला रोज नदीवरून घागर भरून आणी आणि त्या शेंड्यावर ओंजळी ओंजळीने पाणी शिंपडी. प्यायला आणलेले पाणीही ती त्यालाच घाली.

"आई, मुळं आत आहेत गं," भद्रक म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

"मग कशाला?"

"मग काय करू? तू सांग."

त्याने तिच्या हातातली घागर घेतली आणि पुन्हा भरून आणली. वैशाखी पौर्णिमेची मातीही वाळली. त्यानंतर चार दिवसांनी तो शेंडा काळा पडला. दुसऱ्या दिवशीही नंदिलाने त्याच्यावर पाणी शिंपडले.

वैशाखी अमावस्येला दोघे भाऊ आले. त्यांनी कुंपणातून आत पाहिले. सगळा मळा वाळला होता. मग पूर्णक म्हणाला, "विहीर तू घे, दादा." दंतिल म्हणाला, "पाट तुझा." दोघांनी एकदमच हात टेकवले. माती अजून चांगली ओली होती. बैल गेला नि झोपा केला, असे कोणीतरी पुटपुटले. गोपकाने मुद्रा फोडली.

दंतिल आणि पूर्णक वहाणांसकट आत शिरले. आता वहाणा काढायच्या कोणासाठी? शेवग्यांवर वेलांच्या दोऱ्या लोंबत होत्या आणि पायाखाली पाने चुरचुरत होती. नंदिला फाटकाशी थांबली. तिने वाकून वहाणा काढल्या, बाजूला नीट जुळवून ठेवल्या, भुईला लावलेला हात कपाळाला टेकवला आणि मग ती आत गेली. एकेका वाफ्यापाशी उभी राहून तिने सगळा मळा पाहिला. दंतिल एकाएकी ओक्साबोक्शी रडू लागला. "आई, चुकलो गं आम्ही." तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आई होती, आणखी काय करणार? पण त्यानंतर भाकरीचा तुकडा पुढे केला तर ती हातात घेई आणि हातातच ठेवी. आठव्या दिवशी, भर दुपारी, त्याच कडुलिंबाखाली ती गेली.

तिला अग्नी देऊन तिघे परत आले तेव्हा गोपक लिंबाखाली उभा होता. माणूस मेला होता, आणि रीत ती रीत. नंदिलाची मिळकत म्हणजे एक घागर आणि ते लोखंडी नख. त्या दोन वस्तूंवर त्याने मुद्रा लावली होती. ज्येष्ठी पौर्णिमेला त्याने माती मांडली.

आईचा वारस म्हणून आता भद्रकालाही हात होता. त्याने तो मातीत रोवला आणि तसाच ठेवला. "नख दादाला द्या नाहीतर पूर्णकाला द्या," तो म्हणाला. "पण या, दोघे हात लावा."

त्या झिजलेल्या नखावर कोणाचाच डोळा नव्हता. दोघांपैकी एकालाही ते नको होते. तरी दंतिलाने पूर्णकाकडे पाहिले आणि पूर्णकाने दंतिलाकडे. दोघांचे हात पाठीमागे बांधलेले होते. ते पुढे घ्यावेत असे दोघांच्याही मनात होते, पण आधी दुसऱ्याने घ्यावेत. असे ते उभेच राहिले. माती वाळली, आणि भद्रकाचा हात तिच्यात होता.

* * *

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहाराच्या मंडपात बसलेल्या दोन भावांना सांगितली. बाप गेल्यापासून तीन उन्हाळे त्यांच्या घराला कुलूप होते, आणि न्याय मागायला ते आले होते. कथा सांगून शास्त्यांनी त्या जन्माचा या जन्माशी मेळ घातला. "त्या वेळचा दंतिल म्हणजे तू थोरला, आणि पूर्णक म्हणजे हा तुझा धाकटा. अमात्य गोपक आज भिक्षू होऊन या मंडपाच्या दाराशी बसला आहे. भद्रक तो मीच. त्या जन्मी माझ्यापाशी त्याग होता, पण प्रज्ञा नव्हती. मी माझे सोडले, आणि ज्या आईसाठी सोडले तिच्या बाजूने बोलायला कोणी उरले नाही. प्रज्ञेवाचून केलेल्या त्यागाने दुसऱ्याचे पोट भरत नाही, हे मी तिथे शिकलो. प्रज्ञापारमिता, प्रज्ञेची परिपूर्णता म्हणतात ती हीच. तिची मोठी किंमत मोजावी लागली, आणि ती मोजणारा मी नव्हतो."

दोघे भाऊ खाली मान घालून ऐकत होते. धाकट्याने विचारले, "भगवन्, आणि नंदिला?"

"ती बाहेर पायरीवर बसली आहे," शास्ते म्हणाले. "तुमची आई होऊन तुमच्याबरोबरच आली. उन्हात आहे. सकाळपासून तिला कोणी पाणी दिलेले नाही."

थोरल्याने धाकट्याकडे पाहिले.