हजार येनचा पोपट

सावंतवाडीची कुंदा चितारी लाकडी पोपट रंगवता रंगवता स्वप्नात हरवायची. तिचे पोपट समुद्र ओलांडून कुठल्याशा बर्फाळ खिडकीत जाऊन बसायचे. कारागिरांच्या संस्थेच्या ऑनलाइन दुकानात मात्र परदेशी गिऱ्हाईक नुसतं बघून जाई. भाव त्यांच्या चलनात दाखवू या, असं तिनं सुचवलं, तर संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब गुरकावले, "आपला भाव रुपयातच. त्यांनी शिकून घ्यावं."

दुसऱ्या दिवशी दादासाहेबांनी नातीसाठी एक पोपट उचलला.

"केवढ्याला गं?"

"हजार येन."

"म्हणजे किती?"

"हेच विचारून जपानचं गिऱ्हाईक रोज परत जातं, दादासाहेब. त्याचं बोलणं तेवढं आपल्याला ऐकू येत नाही."

दादासाहेबांनी मान डोलावली, "दाखव मग त्यांच्या चलनात." त्या संध्याकाळी कुंदाच्या स्वप्नातले पोपट पुन्हा उडाले. प्रत्येकाच्या चोचीत तो जाणार त्या देशाचं नाणं होतं.