ब्याण्णव की शहाण्णव

"ब्याण्णव की शहाण्णव, चाचा? एकच काय ते बोला."

लाडलेचाचांनी डोळे उघडले नाहीत. खाटेवर उताणे, पोटावर दोन्ही हात. गेले की काय, असं झुबेरला वाटलं. पण मिशी हलत होती.

"कशाचे ब्याण्णव?"

"ठोके. मिनिटाला. घोडा चालतो त्याचे."

चाचांनी मिरजेत चाळीस वर्षं टांगा हाकला, आणि हाकता हाकता गायले. असं गायचे की घर आलं तरी सवारी उतरायची नाही.

अरिहंत आणि झुबेर ही जोडी. अरिहंत शब्द लिहिणार, झुबेर चाल लावणार. अरिहंतच्या आईच्या कपाटात गोधड्या कोंबायच्या, त्यात तोंड खुपसून आळीपाळीनं गायचं. याला ते स्टुडिओ म्हणत. आई पसारा म्हणे.

हळदीची गाणी झाली, डीजेची झाली. मग झुबेरच्या डोक्यात कंट्री शिरलं. म्हणजे अमेरिकेतले टोपीवाले गुराखी गिटार घेऊन रडतात ते. त्यात धुळीचा रस्ता लागतो, घोडा लागतो. धूळ मिरजेत बक्कळ. घोड्याचीच बोंब.

सात महिने एकच गाणं. कॉम्प्युटरवर त्याच्या एक्केचाळीस फायली: फायनल, फायनल नवीन, आईशप्पथ फायनल. सगळं जमलं, वेगावर अडलं. झुबेर म्हणे ब्याण्णव, अरिहंत म्हणे शहाण्णव. चार ठोक्यांपायी दोघं नऊ दिवस बोलले नव्हते.

शेवटी मेसेजवर ठरलं, चाचा सांगतील ते खरं. हरेल त्यानं सामान उचलायचं. जोडी खलास. झुबेर तर गिटार पाठीला लावूनच आला होता.

अरिहंतला खरं म्हणजे जिंकायचंही नव्हतं. त्याला झोपायचं होतं.

"घोडा चाललाय कुठं?" चाचांनी विचारलं.

"घरी," झुबेर म्हणाला.

"घर सोडून," अरिहंत म्हणाला.

दोघांनी चमकून एकमेकांकडं बघितलं. सात महिन्यांत हे बोलणंच झालं नव्हतं.

चाचांनी मिटल्या डोळ्यांवर हात आडवा धरला.

म्हणाले, "ऊन आलं. खाट लिंबाखाली न्या."

"उठता का मग जरा?"

"उठायचं असतं तर तुमाला कशाला सांगितलं असतं?"

झुबेरनं डोक्याकडून धरली, अरिहंतनं पायाकडून. एक ओढतोय, एक ढकलतोय. खाटेला हिसका बसला आणि चाचांचं डोकं ठाण्णकन दांडीवर आपटलं.

"या अल्ला! आरं सवारी हाय मी, पोतं न्हाई!"

अरिहंतचे हात भरून आले. असं वाटलं, म्हाताऱ्याला इथंच टाकावं, गाणंही टाकावं, घरी जावं.

"डावा पाय आधी," झुबेर पुटपुटला. नऊ दिवसांत अरिहंतशी बोललेला पहिला शब्द.

"माझा का तुझा?"

"तुझा रे, बैला! मी उलटा चालतोय, मला काय दिसतंय?"

अरिहंतला हसू फुटलं. हसल्यावर खाट हलली, चाचा कण्हले, मग झुबेरही हसला. डावा. उजवा. डावा... हिसके थांबले. खाट डुलायला लागली. चाचा नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत होते. दमलेले पाय आपोआप पडत होते, आणि कुणी कुणाला काही सांगत नव्हतं.

"ठेवा," चाचा डोळे उघडून म्हणाले.

ठेवली.

"आत्ता किती होते?"

"काय किती?"

"ठोके."

अरिहंतनं झुबेरकडं बघितलं. झुबेरनं अरिहंतकडं.

"मोजायचं राहिलं," अरिहंत म्हणाला.

"मीपण नाही मोजले."

चाचांच्या तोंडावर रणरणतं ऊन होतं. लिंब पंधरा पावलं मागं राहिला होता, दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

झुबेरनं पाठीवरची गिटार उतरवली, चाचांच्या पायाशी खाटेवर ठेवली. मग वाकून दांडी धरली. अरिहंतनं दुसरीकडची धरली.

चाचांनी डोळे मिटले.

"झाड मागं गेलं की रं... फिरवा टांगा."