चढणीच्या दिवशीचे कपाट

"…आणि टिकेल किती?" मठाचे गुरू अप्पा यांनी विचारले.

रेवणसिद्ध खोकी उघडत होता. पुण्याच्या कारखान्यात तो कपाटे आखत असे. ती जागा सोडून दीक्षेसाठी तो मांजरा नदीकाठच्या या मठात आला होता. आणि येताना स्वतः आखलेले एक कपाट, सुट्या फळ्यांच्या रूपात, सपाट खोक्यांत भरून घेऊन आला होता.

"माझ्या मागंही टिकेल, अप्पा."

"सागवान?"

"नाही. भुसा दाबून केलेल्या फळ्या. टिकाव लाकडात नसतो, रचनेत असतो."

अप्पा हसले. "आमचं मागचं सागवानी होतं."

"टिकलं नाही?"

"टिकलं की! पुरात गेलं, कुठंतरी अजून टिकून असेल. आतल्या कफन्या तेवढ्या बुडाल्या."

या मठाची रीत अशी, की मृगाच्या तोंडावर, नदीला पूर येण्याआधी, सारा मठ टेकडीवर चढतो आणि दिवाळीनंतर खाली उतरतो. प्रत्येक साधकाच्या वाट्याला काही सामान येते. ते वर पोचवणाऱ्यालाच त्या संध्याकाळी दीक्षा मिळते. जे दारातून निघत नाही, ते नदीचे.

रेवणसिद्ध फळ्या जोडू लागला. अप्पा समोर मांडी घालून बसले.

प्रत्येक भोक नेमक्या जागी होते. लाकडी खुंट्या अलगद बसत होत्या. एका वाकड्या चावीने सारे सांधे आवळले जात होते. तरीही सांगाडा डुलत होता… मग त्याने पाठीची पातळ फळी खाचेत सरकवली, आणि कपाट काटकोनात ताठ उभे राहिले.

"वा!" अप्पा उद्गारले. "त्या पातळ फळीमुळं उभं आहे हे?"

"हो. सगळ्यांत दुबळी तीच. पण ती नसली, की सगळं कलंडतं."

अप्पांनी कपाटाला हात जोडले.

"आणि सोडता येतं?"

"येतं. पण सोडू नये. दर वेळी भोकं थोडी सैल होतात."

"असं…" अप्पा म्हणाले. "मग हेच तुझ्या वाट्याला."

मठात बसय्या नावाचा एक जुना साधक होता. कपाटाजवळून जाताना तो रोज त्याचे दार हलवून बघे.

"खोक्यातलं कपाट! एका चढणीत खुळखुळा होणार बघ, रेवण्या."

रेवणसिद्धाने ते मनाला लावून घेतले. एका दुपारी त्याने सारे सांधे उकलले, प्रत्येकात सुताराचा सरस भरला आणि पुन्हा आवळले.

"आता हलवून दाखवा. सोडायचंच नाही, अख्खं वर नेणार."

बसय्याने हलवले. कपाट हलले नाही.

चढणीचा दिवस उजाडला. कपाट उचलून दाराशी आणले गेले. मठाचे दार ठेंगणे आहे. जाणाऱ्या-येणाऱ्याने वाकावे, हाच त्यामागील संकेत. कपाट उभे धरले, आडवे केले, तिरके केले…

"बाबा, आत येताना ते खोक्यातून आलं होतं," बसय्या म्हणाला. "तेव्हा त्याला वाकता येत होतं."

रेवणसिद्धाने चावी लावली. स्क्रू फिरला. सांधा तसाच राहिला.

अप्पा आले. त्यांनी कपाटावरून हात फिरवला.

"काय रचलंय! ज्यानं रचलं, त्याला बोलव."

"अप्पा… मीच तो."

"नव्हे. हे एक दिवस सोडावं लागेल, ते त्याला ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं सोबत चावी दिली. मग सरस कोणी लावला?"

"मीच."

"का रे?"

"भीती वाटली. हलेल म्हणून."

अप्पांनी आपल्या वाट्याची घागर उचलली आणि वाकून बाहेर पडले.

रेवणसिद्धाने करवत आणली. सांध्यासांध्यावर ती चालवली. कडांचा भुगा खाली पडत राहिला. कपाटाचे दुसरे टोक बसय्याने धरले, असे काही जण सांगतात. काहींच्या पाठात तो मान अप्पांकडे जातो. बोलावले मात्र कोणालाच नव्हते, यावर दोन्ही पाठांचे एकमत आहे.

मग एकेक फळी डोक्यावर घेऊन, दर खेपेला दारात वाकत, त्याने ती टेकडीवर नेली.

वर पोचल्यावर त्याने बिघडलेल्या भोकांत खुंट्या ठोकून ती बुजवली, शेजारी नवी पाडली. सरस कुठेच लावला नाही. शेवटी पातळ फळी सरकवली. दिवेलागणीला कपाट उभे राहिले. उंचीला थोडे कमी, कडांना खरचटलेले.

अप्पांनी एका बोटाने ते ढकलले.

ते थरथरले… आणि उभे राहिले.

"हलतंय, अप्पा." रेवणसिद्धाची मान खाली होती.

अप्पांनी खांद्यावरची कफनी काढली, घडी घातली, आत ठेवली. मग त्याच्या हातातून ती वाकडी चावी घेतली, भगव्या दोऱ्यात ओवली आणि दीक्षेचा दोरा बांधतात तशी त्याच्या गळ्यात बांधली.

"दिवाळीनंतर हे सोडायला घेशील, तेव्हा मला हाक मार," ते म्हणाले. "जोडताना पाहिलं. सुटताना पाहायचं राहिलंय."