पेढीवरच्या बैलाचे माप

फार पूर्वी वरणातीर नगरीत सुयाम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सुताराच्या कुळात जन्मला होता. भद्रसार हे त्याचे नाव. त्याने केलेल्या चाकाची लोखंडी धाव दहा वर्षे ढिली होत नसे, आणि हे त्याला स्वतःलाही चांगले ठाऊक होते. लाकूड कळणाऱ्या माणसाला तेवढा अभिमान माफ असतो.

त्या राज्यात असा दंडक होता की, सुताराने छकडा करावा, पण गाडीवानाला विकू नये. विकण्याचा मक्ता श्रेष्ठी पूर्णकाकडे. राजाच्या आजोबांच्या काळी काही सुतार ओल्या लाकडाचे छकडे लोकांच्या गळ्यात मारून परागंदा झाले, तेव्हापासून हा नियम आला. पूर्णकाच्या पेढ्या प्रत्येक नदीच्या उताराजवळ होत्या. तिथे जादा चाके असत, मोडलेला आस बदलून मिळे. तेव्हा नियम काही अगदीच वाईट नव्हता.

एके दिवशी भद्रसार साग निवडायला डोंगराकडे निघाला. वाटेत एक बाई एकबैली छकडा सोडून बसली होती. तिचे नाव बकुला. घाटावर मीठ पोचवून ती पोट भरी. पवळ्या नावाच्या बैलाच्या खांद्याला तिने तूप-हळद थापली होती, तरी आतले लाल मांस दिसत होते. भद्रसारने छकडा पाहताक्षणी ओळखला. तो त्याच्याच हातचा होता.

"बाई, खांदा कशानं फुटला?"

"जू घासतंय, दुसरं काय? कुणी केलंय देव जाणे. त्या मेल्यानं जन्मात बैल पाहिला नसेल."

भद्रसारला ते शब्द झोंबले, कारण त्यात खोटे काही नव्हते. छकडा लोकांना दाखवायला पूर्णकाच्या मोठ्या पेढीवर एक धिप्पाड पांढरा बैल असे. पेढीने एकदा त्याचे माप धाडले होते, आणि भद्रसार बारा वर्षे त्याच मापाची जुवे करीत आला होता. डोंगरातले बैल ठेंगणे. जू त्यांच्या खांद्यावर पावलागणिक डुगडुगे. त्याचा बाप प्रत्येक बैलाचा खांदा चाचपून दोरीला मापाच्या गाठी मारीत असे. ती दोरी भद्रसारने दह्याचे मडके टांगायला वापरली होती.

"तो मेला मीच," तो म्हणाला, आणि तिथेच बसून त्याने जू तासून दिले.

घरी येऊन त्याने आधी मडके उतरवले. मग दोरी घेऊन पूर्णकाकडे गेला, प्रत्येक बैलाचे माप घेऊनच छकडा करू द्या म्हणून.

पूर्णक हसला. "अरे, बारा वर्षांत एका तरी बैलानं तक्रार केली का? आणि एका बैलाच्या मापाचा छकडा मी दुसऱ्याला कसा विकू? बरं, तू विकशील. चाळीस कोसांवर आस मोडला, तर धावत जाशील?"

भद्रसार मान खाली घालून परतला. पण दारात पाऊल टाकताना त्याने मनाशी ठरवले: ज्या खांद्याला माझा हात लागला नाही, त्याच्यासाठी मी तासायचा वाकस उचलणार नाही.

पूर्णकाने लाकडाचे पैसे देणे बंद केले. घरात कण्यांची पेज शिजू लागली. शेजारी म्हणत, "राज्याला शहाणं करायला निघालाय!" भद्रसार ऐकून घेई आणि बैलांचे खांदे मोजत गावोगाव हिंडे. शेवटी पूर्णकाने राजाकडे गाऱ्हाणे नेले. राजाने निरोप धाडला: पौर्णिमेपर्यंत काम सुरू कर, नाहीतर राज्य सोडून जा.

पौर्णिमेच्या सकाळी भद्रसारने पेढीच्या मापाचे जू स्वतःच्या मानेवर घेतले आणि रिकामा छकडा ओढत तो राजवाड्याकडे निघाला. पहिल्या कोसाला कातडे सोलले. दुसऱ्याला रक्त आले. लोक आडवे आले, पण तो थांबला नाही.

त्याला पाहून राजा आसनावरून उठला. "कोणी केली तुझी ही दशा?"

"माझ्याच हातच्या जुवानं, महाराज. मी तीन कोस आलो, तेही रिकामा छकडा घेऊन. डोंगरातला पवळ्या बैल मीठ भरून घाट चढतो."

सभेत उभा असलेला पूर्णक ओशाळला, तरी हळूच म्हणाला, "पण आस मोडल्यावर कोण?"

"श्रेष्ठींचं म्हणणं खरं आहे," भद्रसार म्हणाला. "दुरुस्ती त्यांच्याच पेढ्यांनी करावी आणि तिची मजुरी घ्यावी. मात्र माप तिसऱ्या हातून येऊ नये. गाडीवान माझ्या दारी येईल, नाहीतर मी त्याच्या दारी जाईन. आणि मी कुठं पळून जात नाही, हे महाराजांनी पाहिलंच आहे."

राजाने त्याच दिवशी दंडक बदलला.

दुसऱ्या सकाळी भद्रसारच्या दारात पहिला उभा होता तो पूर्णक, पांढऱ्या बैलाची वेसण धरून. "रात्री याचा खांदा पहिल्यांदा चाचपला," तो म्हणाला. "याचेही केस गेलेत तिथले. ज्याचं माप मी धाडलं होतं, तो बैल केव्हाच मेला. हा त्याच्यानंतरचा."

बारा वर्षे सगळे राज्य एका मेलेल्या बैलाचे जू वाहत होते. भद्रसारने दोरी काढली.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा संपवली आणि ते भिक्षूंना म्हणाले, "सर्वांना एकाच लांबीची चीवरे वाटणारा हा भिक्षू तेव्हा पूर्णक होता. आखूड चीवरात कुडकुडत बसलेली ही थेरी भिक्षुणी म्हणजे बकुला. कापड देणारा उपासक सुयाम राजा होता, आणि तो सुतार मी होतो. मान सोलली तरी धरलेला निश्चय न सोडणे, हीच अधिष्ठान पारमिता."

चीवरे वाटणारा भिक्षू उठला आणि थेरीची उंची मोजू लागला.