केवडीची रताळी

डोंगराच्या कुशीत, जिथे पायवाट संपून करवंदीच्या जाळ्या सुरू होतात, तिथे केवडी नावाची चिमुकली मुलगी राहायची. घर एवढंसं, चूल त्याहून एवढीशी आणि माणसं दोनच, केवडी आणि तिची आजारी आई. आईच्या तोंडाची चव गेली होती. पेजेचे दोन घोट घेतले की ती भिंतीकडे तोंड फिरवायची.

"गोड रताळं असतं तर खाल्लं असतं गं," ती एकदा पुटपुटली.

केवडी धावतच परसात गेली. हिरव्यागार वेलाखालची गुलाबी गुलाबी रताळी तिने खणली, ओढ्यावर चकचकीत धुतली आणि लगेच उकडली. पिठूळ, बेचव! आईने घास तसाच बाहेर काढला. उरलेली टिकावीत म्हणून बिचारीने झऱ्याच्या गारेगार कपारीत ठेवली. काही सडली, आणि बाकीची कितीही उकडली तरी आतून कडकच राहिली.

"राहू दे बाळ. आता मला काहीच नको," आई म्हणाली.

केवडी परसात बसून खूप खूप रडली. मग डोळे पुसून उरलीसुरली रताळी खणू लागली, तर खुरपं एका रताळ्याला लागलं. पांढरा चीक आला.

"लागलं का रे तुला?" म्हणत तिने त्यावर फुंकर घातली.

तेवढ्यात वेलावरच्या जांभळ्या फुलातून एक इवलीशी परी बाहेर आली. तिचे पंख सोनेरी चमचमत होते.

"स्वतः एवढी दुःखात, तरी तुला त्याची जखम दिसली. माग, काय हवं?"

"आईसाठी गोड रताळी."

"देईन. पण ही धुवायची नाहीत, आणि त्यांना गारठा लागू द्यायचा नाही. आधी चुलीच्या उबेला, ओलसर पोत्याखाली त्यांच्या जखमा भरू देत. आज अर्धा आहे तो चंद्र पूर्ण झाला, की अंधाऱ्या, कोरड्या फळीवर ठेव. चंद्र दिसेनासा होईपर्यंत एकही शिजवायचं नाही. घाई केलीस तर गोडी येणार नाही."

"तोवर आई राहील ना?"

"ते माझ्या हातात नाही गं," परी हळूच म्हणाली.

केवडी वाट पाहू लागली. सरपण संपलं, चूल गार पडली, तेव्हा तिने आपली एकुलती गोधडी रताळ्यांवर घातली आणि स्वतः कुडकुडत निजली. चंद्र पूर्ण झाला तशी तिने रताळी फळीवर मांडली. पण पुढे चंद्राचं कुठे अडलं होतं कोण जाणे, हलता हलेना. आई बोलेनाशी झाली. केवडीला वाटायचं, आता रताळी गोड होऊन तरी काय उपयोग?

अखेर एका रात्री पहाट झाली तरी चंद्र उगवलाच नाही. केवडीने चार काटक्या गोळा करून निखाऱ्यांत रताळं भाजलं. साल सुरकुतली आणि काकवीसारखा पाक ठिबकू लागला.

तिने आईच्या ओठांना मऊ घास लावला. ओठ मिटलेलेच होते. तरी केवडीने हात मागे घेतला नाही.

ओठ हलले. आईने घास गिळला आणि डोळे उघडले.

चुलीतून सोनेरी उजेड उसळला. त्यात परी क्षणभर हसली आणि उजेडातच विरून गेली. केवडीने मात्र तिकडे पाहिलंच नाही.

कारण आईने रताळ्याचा दुसरा घास मोडून तिच्याच तोंडापुढे धरला होता. "तू कधीची उपाशी आहेस गं?" आई विचारत होती.