बाहेरचं काही नको

कृष्णाकाठच्या थाई हॉटेलात मालवणच्या वैजूताई परुळेकर थाई रश्श्यात चिंचेऐवजी कोकम घालायच्या, आणि लोक वाडगा पुसून खायचे. एकदा भाऊसाहेब मगदूम आले. सात वेळा बँकॉक पाहिलेले! त्यांनी नावं ठेवली की त्या हॉटेलवर माशा मारायची पाळी यायची.

पहिल्याच घासाला त्यांनी वाडगा ढकलला. "कोकम? ही भेसळ आहे, बाई! मला अस्सल थाई हवं. बाहेरचं काही एक चालणार नाही!"

सगळ्या टेबलांवरच्या माना तिकडे वळल्या.

"बरं साहेब," म्हणत वैजूताईंनी थोड्या वेळानं नवा वाडगा आणला. नारळाच्या दुधाचा पांढराफटक रस्सा आणि कोंबडी.

भाऊसाहेबांनी चाखून तोंड वाकडं केलं. "मिरची कुठाय? शेंगदाणे कुठायत?"

"दोन्ही सातासमुद्रापलीकडून, अमेरिकेतून आलेले, साहेब. तिकडेही आणि आपल्याकडेही. बाहेरचं नको म्हणालात, म्हणून काढले. तुम्हाला आता घरचा ठेचाही सोडावा लागेल."

शेजारी कुणीतरी खुदकन हसलं. भाऊसाहेबांनी नदीकडे बघत मिशीवरून हात फिरवला.

"ठेचा सुटायचा नाही," ते म्हणाले. "तो पहिला वाडगाच आणा."

"कोकमासकट?"

"कोकमासकट. आणि भात जरा जास्त."